बाबांना धार लावायला कोणी शिकवलं?

गेल्या रविवारी पूर्णेला बाबांकडे गेलो होतो. पिशवीत एक दगड होता... जपानचा. हसू नका, खरंच. तिथल्या डोंगरातून खणून काढलेला, वस्तऱ्याला धार लावायचा दगड.

वर्षभरापासून मला हे वेड लागलंय. शाळेतून शिकवून आलो की व्हिडिओ बघत दगडावर वस्तरे घासत बसतो. मोठ्या दगडावर जरा पाणी टाकून तसलाच एक छोटा दगड चोळला, की दुधासारखा गढूळ लगदा निघतो. त्याला स्लरी म्हणतात. धार लावायचं काम तोच करतो.

बाबा रेल्वेत गँगमन होते. नजर जाईपर्यंत त्यांनी वस्तऱ्यानेच दाढी केली. मला वाटायचं, शौक असेल. तोच जुना वस्तरा परत चालता करून त्यांना चकित करायचं, असा माझा बेत होता.

मी अंगणात पाटावर बसलो, बाबा बाजेवर. वीस मिनिटं घासलं आणि हातावरच्या केसांना लावून पाहिलं... केस नुसते वाकले. परत लगदा केला, परत घासलं. तेच.

"चिखल लय झालाय," बाबा म्हणाले. "पाणी घाल. थेंब थेंब."

"तुम्हाला दिसत नाही, मग कसं कळलं?"

"आवाज येतोय की. अजून खरखर करायलाय. लगदा जाड ऱ्हायला की लागलेली धार तोच खातो. पातळ करत जा... शेवटी नुसतं पाणी. अन् दाबू नको."

बोटाने थेंब टाकत गेलो. आवाज बारीक होत गेला. वस्तरा दगडाला चिकटल्यासारखा सरकायला लागला. मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून हाताला लावला, तर केस अलगद उतरले.

"बाबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

बाबांनी बाजेवर मांडी घातली. मग बोलायला लागले.

आमच्या मूळ गावात आमच्या वस्तीतल्या माणसांना न्हावी हात लावत नसे. आम्ही बौद्ध झालो, तरी त्यात फरक पडला नाही. माणसं ब्लेडच्या तुकड्याने एकमेकांची दाढी करायची, गाल सोलून निघायचे. नोकरी लागल्यावर बाबांनी हौसेने वस्तरा घेतला... पण महिन्याभरात तो बोथट झाला. धार लावता येईना, हे गावातही कळलं.

एका बाजाराच्या दिवशी गावचा म्हातारा न्हावी पूर्णेला आला आणि थेट बाबांच्या रेल्वेच्या खोलीत शिरला. धोतराच्या सोग्यात धार लावायचा काळा दगड गुंडाळलेला. म्हणाला, "गावात तुला हात लावला तर लोक मला ऱ्हाऊ देणार न्हाईत. लेकरं हायत मला. पण धार लावायला शिकवतो."

पाच-सहा बाजार तो येत राहिला. शेवटी दगड बाबांकडेच ठेवून गेला. जाताना वचन घेतलं, हे कोणाला सांगायचं नाही.

त्यानंतर बाबा सुट्टीवर गावी गेले की अख्ख्या वस्तीची दाढी करायचे. "सकाळपासून रांग लागायची. तुझा आजा पहिला," बाबा म्हणाले. हे सांगताना चेहरा खुलला होता.

पण शिकवलं कोणी, हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"मग आज का सांगितलंत?"

"त्याचा धाकटा ल्योक मागल्या महिन्यात वारला. आता त्या घरातलं गावात कोणीच न्हाई. आता कोण कोणाला काय करणार?"

मला राहवलं नाही. विचारलं, "त्याचा राग नाही आला कधी?"

"आला की. शिकताना बी होता. तो बी खाली मान घालूनच शिकवायचा. शेवटच्या दिवशी म्हणला, बस इथं... अन् माझी दाढी केली. दार लावून घेऊन."

जरा थांबून म्हणाले, "दार उघडं असतं तर बरं वाटलं असतं."

मी आत गेलो, पाणी गरम केलं, साबण आणि ब्रश घेऊन आलो. बाबांच्या गालाला फेस लावताना विचारलं, "हे फेसबुकवर लिहू का?"

"लिही. पण नाव नको टाकू. शब्द दिलाय."

म्हणून गावाचं नाव नाही, त्या माणसाचंही नाही. त्याचे आभार मानावेत की त्याच्यावर चिडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही... बहुतेक दोन्ही खरं आहे.

अंगणासमोरून लोक जात-येत होते. शेजारच्या काकू कुंपणाशी थांबून बघायला लागल्या. बाबांनी हनुवटी वर केली, आणि मी सगळ्यांदेखत वस्तरा त्यांच्या गालावर ठेवला.