पवळीच्या नावाने

धुळ्यात मोतीलाल शेठांच्या धर्मादाय आवारात भिंतीच्या अलीकडे म्हातारी माणसं राहत आणि पलीकडे म्हाताऱ्या गायी. मधे एक दार होतं. भागाबाई एकोणीसशे एकतीस साली दाराच्या अलीकडे कामाला लागली. विधवा, धिप्पाड, आवाज असा की पलीकडच्या गायीही कान टवकारत. म्हाताऱ्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, जेवू घालणं आणि त्यांची भांडणं सोडवणं हे तिचं काम. न्हाऊ घालणं सोडलं तर सगळं तिला जमत होतं.

खोट फरशीची होती. शेठांनी न्हाणीत शहाबादी फरशी बसवून ती इतकी घोटून घेतली होती की वाकून पाहिलं तर तिच्यात आपली पगडी दिसे. शेठ रोज वाकून पाहत. कोरड्या फरशीत पगडी दिसे, ओल्या फरशीवर म्हातारे दिसत, आडवे.

निंबा आबा दोनदा आडवे झाले. तारुण्यात त्यांनी आग्रा रोडवर बैलगाड्या हाकल्या होत्या, पण ते एकदाही पडले नव्हते. दुसऱ्या खेपेला वैद्य म्हणाले, "आता पडले तर मला बोलावू नका, बांबूवाल्याला बोलवा." त्या दिवसापासून आबांनी आंघोळ सोडली.

"आबा, चला, पानी तपेल शे."

"माले नही नहावानं. मी मनमा न्हायनू."

"मनमा?"

"मनमा. पानी बी मनमाच तपाडं."

आबा धोतर तेवढं भिजवून दोरीवर वाळत घालत आणि त्याच्या शेजारी साळसूदपणे बसत. पण वारा फिरला की सगळं उघडं पडे. एकदा तो शेठांच्या बाजूला फिरला. शेठांनी उपरणं नाकाला लावलं आणि हुकूम सोडला: अमावस्येला जळगावच्या पुष्पाबाई शेठाणी गायींना लापशी चारायला येणार आहेत; त्या आत येण्याआधी हा म्हातारा न्हाला नाही तर त्याला नशिराबादला पुतण्याकडे पाठवा. पुतण्याने आबांना गेल्या वेळी उंबऱ्यावरूनच परतवून लावलं होतं. म्हणजे आबा न्हाले तर पडणार आणि न न्हाले तर रस्त्यावर.

भागाबाईने शेठांना गाठलं. "शेठजी, फरशीला टाकी मारून ती खरखरीत करून घ्या. आबा पुन्हा घसरतील."

"वेडी आहेस? ही फरशी बघायला लोक चाळीसगावहून येतात."

तिने गोणपाट अंथरलं. पगडी दिसेना म्हणून शेठांनी ते उचलायला लावलं. मग तिने आबांना खाटेवर निजवूनच न्हाऊ घालायचं ठरवलं. खाट न्हाणीत नेली, पहिला तांब्या ओतला आणि खाटेचे चारही पाय एकदम सुटले. खाट आबांसकट दारातून बाहेर पडली आणि तुळशीपाशी थांबली.

"आग्रा रोडवर बी मी गाडी इतकी पळाडी नही," आबा खाटेची कड धरून म्हणाले. ते अर्धे ओले झाले होते, पण शेठांनी अर्धी आंघोळ मानली नाही.

अमावस्या उजाडली. सकाळी शेठ तयारी बघायला आले. गोठ्यात शेण होतं आणि शेठाणींचं लुगडं जरीचं असणार होतं.

"असं करा," शेठ म्हणाले, "पवळीला इकडे न्हाणीत आणा. स्वच्छ फरशीवर उभी करा. लापशी इथेच चारू."

पवळी म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत वयस्कर गाय. भागाबाईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शेठजी, घसरेल ती."

शेठांचा चेहरा पांढरा पडला. "घसरेल? पाय मोडला तर? माझ्या आवारात, गायीचा? आधी का नाही बोललीस?"

"बोलत होते ना, शेठजी. आबांचं नाव घेऊन बोलत होते."

शेठांनी ते ऐकलं नाही. ते पाथरवटाला हाका मारत रस्त्यावर पोचले होते. हाशम पाथरवट हातातली भाकरी सोडून आला आणि शेठाणींची दुपारची गाडी यायच्या आत फरशीभर टाकी मारून मोकळा झाला. ठोक्यागणिक शेठ डोळे मिटत होते.

भागाबाईच्या डोक्यात आता उजेड पडला होता. "शेठजी, पवळीला अंग घासायची खोड शे. भिंतीला आडवा वासा लागेल."

"किती उंच?"

तिने आबांकडे पाहिलं. "कमरेइतका."

"गायीची पाठ एवढी खाली असते?"

"म्हातारी झाली, शेठजी. खचली."

वासा बसला. पवळीला आणून उभी केली. ती न डगमगता उभी राहिली आणि वाशाकडे तिने पाहिलंही नाही. तेवढ्यात शेठाणींचा टांगा फाटकाशी वाजला. शेठ सामोरे धावले. भागाबाईने आबांना दंडाला धरलं.

आबांनी आधी अंगठा टेकवला, मग टाच. खरखरीत लागलं. त्यांनी वासा धरला, पवळीकडे बघून घेतलं आणि म्हणाले, "वत."

भागाबाईने ओतलं. आबा उभे राहिले. दुसरा तांब्या, तिसरा, मग शिकेकाई. पवळीच्याही अंगावर चार शिंतोडे गेले. शेठाणी आत आल्या तेव्हा न्हाणीत एक गाय आणि एक गोरापान म्हातारा शेजारी शेजारी निथळत उभे होते.

"हा नवा माणूस कधी आला?" शेठांनी भागाबाईच्या कानाशी विचारलं.

शेठाणींनी गायीला लापशी चारली आणि आबा टक लावून बघतात म्हणून त्यांनाही वाटीभर दिली. नशिराबादचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढची वर्षं भागाबाईने म्हाताऱ्यांसाठी काही मागितलं नाही. पवळीला दिसत नाही म्हणून ओसरीवर कंदील आला. पवळी ठेचकाळते म्हणून उंबरा काढला. पवळीला दात नाहीत म्हणून रोज मऊ खिचडी शिजू लागली.

सेहेचाळीस साली भागाबाई स्वतःच तिथल्या खाटेवर आली. तिच्या जागी कमलबाई होती.

"अक्का, थंडी वाजते का? घोंगडी मागू शेठजींकडे?"

"माझ्यासाठी नको. पवळीसाठी माग."

"पवळी मरून किती वर्षं झाली, अक्का!"

"शेठजींना सांगितलं का कुणी?"

कमलबाईने विचार केला. कुणीच सांगितलं नव्हतं.

घोंगडी संध्याकाळच्या आत आली. गायीच्या मापाची होती. भागाबाईने ती शेजारच्या दोन खाटांवरही पसरून घेतली.