रिकामी आकडी

"हत्यार कुठंय?" सरांनी विचारलं.

"कमरेला," वर्ग एका सुरात म्हणाला.

पडद्यावर माझा बा होता.

भिंतीएवढा. आमच्या घरातसुद्धा त्याचा एवढा मोठा फोटो नाही. कमरेला मागे दोरीनं बांधलेली लाकडी आकडी, तिच्यात अडकवलेला कोयता. खांद्यावर गोणपाटाची पिशवी. पाय अनवाणी. मान वळवून मागे बघतोय.

"पिशवीत काय असू शकतं?"

"स्फोटकं, सर."

"मागे का बघतोय?"

"पाठलाग होतोय का, ते बघतोय."

सर खूश झाले. म्हणाले, "किती जणांना हा माणूस संशयित वाटतो? हात वर."

सगळे हात वर गेले. माझा सोडून.

हा एम.ए.चा वर्ग. विषय दहशतवाद आणि दहशतवादविरोध. टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमची ठाकरवाडी. तिथून विद्यापीठात पोचलेली मी पहिली. मला पोलीस अधिकारी व्हायचं होतं, म्हणून हा विषय घेतला. वाडीतल्या बायका विचारायच्या, "अतिरेक्यांचं काय शिकायचं गो? धरायचं ना त्यांना?" मी हसायचे.

महिन्यापूर्वी हाच सगळा वर्ग आमच्या वाडीत आला होता. डोंगरात शोधमोहीम कशी चालते, ते बघायला. वाट दाखवायला माझा बा. करवंदीच्या जाळ्या आडव्या येत होत्या, त्या त्यानं कोयत्यानं तोडल्या. ह्या लोकांना पाण्याच्या बाटल्या जड झाल्या, त्या त्यानं पिशवीत भरून स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. एका मुलीच्या सँडलचा पट्टा तुटला, ती मागे राहिली. बा थांबला. मान वळवून तिच्याकडे बघत राहिला. तेव्हाच सरांनी फोटो काढला. मी बाजूलाच उभी होते.

दुपारी सगळे आमच्या पडवीत जेवले. नाचणीची भाकर, वालाच्या शेंगा. बा वाढत होता. घ्या, घ्या, लाजू नका. बोटं चाटून खाल्लं सगळ्यांनी.

आणि आता हात वर. त्या सँडलवालीचासुद्धा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे ऐकले होते. हे तर खाल्लेलं घरच विसरले.

"तुझा हात नाही?" सरांनी मला विचारलं.

"ते माझे वडील आहेत, सर."

मागे कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, मी विनोद केला.

सरांनी पडद्याकडे नीट बघितलं. "हां, तो वाटाड्या. फोटो छान आलाय." मग वर्गाकडे वळले. "हे लिहून घ्या. हिचं निरीक्षण भावनिक आहे. असं निरीक्षण धरता येत नाही."

मुलं लिहून घेऊ लागली. मी बाकाची कड धरून बसले. ज्यांना त्याचं नावही आठवत नव्हतं, त्यांचं मत शास्त्रीय. ज्याच्या खांद्यावर बसून मी मुरबाडचा बाजार पहिल्यांदा बघितला, त्याच्याबद्दलचं माझं मत बाद. लाज वाटली. कुणाची ते तेव्हा कळलं नाही.

तास संपल्यावर सरांच्या खोलीत गेले. वर्गात दाखवलेले हे फोटो नव्या पोलिसांच्या प्रशिक्षणाला जाणार आहेत, हे मला माहीत होतं. म्हणजे उद्या मुरबाडच्या चौकात उभा राहणारा शिपाई माझ्या बापावरून संशय घ्यायला शिकणार.

"सर, तो फोटो काढून टाका."

"चेहरा ब्लर करतो. झालं?"

"चेहरा पुसला की कोयता उरतो. आमच्या वाडीत कोयत्याशिवाय एकही माणूस नाही."

"भावनेवर सुरक्षा चालत नसते. उलट तू आम्हाला मदत करायला हवीस. वाडीत नवं कोण येतं, कोण जातं, कळवत जा. पुढे तुझ्याच कामाला येईल."

मेहेरबानी केल्यासारखे बोलले. मी बाहेर पडले.

शनिवारी एसटीनं घरी गेले. जागा असून बसवत नव्हतं. टोकावड्यापर्यंत दांडा धरून उभीच. घरी पोचले तर बा अंगणात दगडावर कोयत्याला धार लावत होता. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या होत्या, पेरणीआधी जमीन भाजायला. मी त्याला सगळं सांगितलं.

बा आधी हसला. "त्या गोनीत त्यांचंच पानी होतं ना गो?"

"हो."

"जेवले ना आपल्याकडं?"

"जेवले."

"मंग मला वळखला कसा नाय?"

तो पुन्हा धार लावू लागला, पण हात मंद झाला होता.

सकाळी तो मुरबाडच्या बाजाराला निघाला. सवयीनं आकडी बांधली. कोयता कुडाच्या भिंतीला टांगलेलाच राहिला. कोयत्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडलेला बा मी जन्मात बघितला नव्हता.

"बा, कोयता राहिला तुझा."

"राहू दे. बाजारात पोलीस असतात. कोन काय इचारल."

तो उतारावरून खाली गेला. चालताना त्याचा हात सारखा मागे जात होता, आकडी चाचपत होता. आकडी रिकामी. मी दारात उभी राहून बघत होते.

पहिल्याच तासाला सरांनी शिकवलं होतं, स्फोटात मरतात ते थोडे, भीती बसते ती बाकीच्यांच्या मनात, आणि ती बसवणं हाच दहशतवाद्याचा हेतू असतो. मी त्याखाली रेघ मारली होती. मग माझ्या बाच्या मनात ही भीती कुणी बसवली? वाडीत कुणी बॉम्ब टाकला नव्हता. एक फोटो आणि वर गेलेले हात, एवढ्यावर भागलं. लाज कुणाची, ते मला त्या दारात कळलं. माझी नव्हती. बाची तर नव्हतीच.

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षणाचे अधिकारी ते फोटो बघायला वर्गात आले. बाचा फोटो लागला. चेहऱ्याच्या जागी करडा डाग. कोयता मात्र लख्ख.

"हत्यार कुठंय?" सरांनी विचारलं.

मी उभी राहिले. "ह्या माणसाच्या हातचं ज्यांनी खाल्लंय, त्यांनी हात वर करा."

कुणी हललं नाही. मग त्या सँडलवालीचा हात अर्धा वर आला.

"बस खाली," सर म्हणाले. "अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत."

"ह्यांचं नाव लहानू. माझे वडील. त्या पिशवीत तुमचं पाणी आहे." आवाज कापत होता. कापू दिला.

"बस खाली."

तास संपेपर्यंत उभी राहिले.

फोटो अजून तिथंच आहे. माफी कुणी मागितली नाही. सँडलवाली नंतर कँटीनमध्ये जवळ आली, काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "मला नको सांगू. वर्गात सांग." ती अजून बोललेली नाही.

मैत्रिणी म्हणतात, विषय बदल. का बदलू? हाच शिकणार. ह्याचीच परीक्षा देणार. उद्या त्या नव्या पोलिसांसमोर शिकवायला मीच उभी राहणार. आणि तोवर, जेव्हा जेव्हा तो फोटो लागेल, तेव्हा मी उठून बाचं नाव सांगणार. बा कोयता आकडीत अडकवून पुन्हा मुरबाडच्या बाजारात जाईपर्यंत.

गुण कापा. बस म्हणा. मी बसणार नाही.