पुढच्या सीटखाली मावणारी बॅग

शनिवारी सकाळी चहा गाळत होते तेव्हा रशीदाच्या मुलाचा, इम्रानचा फोन आला. "नलूमावशी, अम्मी गेली." मी वैतागूनच विचारलं, "कुठे गेली? अकराला आम्हाला बॅग परत करायला जायचंय." त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा मला कळलं. याला आता सात आठवडे झाले, पण रशीदाची आठवण आली की आधी तो वैतागच येतो.

खडकीच्या कारखान्याच्या ऑफिसात आम्ही सव्वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. निवृत्तीनंतर दोघींनी श्रीलंकेची सहल ठरवली. दोघींचाही पहिलाच विमानप्रवास. कपड्यांची मोठी बॅग रशीदानं घरातलीच काढली. अडलं ते जवळ ठेवायच्या बॅगेवर. ती विमानात पुढच्या सीटखाली मावली पाहिजे, तीच दिवसभर फिरताना गळ्यात तिरकी अडकवता आली पाहिजे, पासपोर्टचा कप्पा अंगाच्या बाजूला हवा आणि पाण्याची बाटली चालता चालता निघायला हवी. मी दहा मिनिटांत खांद्यावरची एक देखणी बॅग घेऊन मोकळी झाले. ती मात्र घरून बाटली, छत्री, गोळ्यांचा डबा, चष्म्याचं घर असं सगळं आणायची, प्रत्येक बॅगेत भरायची आणि ती अडकवून दुकानातच फेऱ्या मारायची. एका दुकानदाराची खुर्ची मागून घेऊन तिनं तिच्याखाली बॅग सरकवून पाहिली. तो म्हणाला, "विमान आणून ठेवू का, बाई?" "नको," ती शांतपणे म्हणाली, "खुर्ची पुरेल."

तेव्हा मला हसू आलं नाही. असे चार शनिवार गेले होते. एक बॅग घेतली, ती चेन बाहेरच्या बाजूला येते म्हणून परत केली. दुसरी घेतली आणि शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले तर म्हणते, पट्टा मानेला काचतो, हीपण उद्या परत करू. माझा तोल सुटला. "रशीदा, तुला यायचंच नाहीये. तसं सांगवत नाही, म्हणून बॅगेचं निमित्त." ती बॅगेतून एकेक वस्तू काढून ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "तू भराभर चालतेस, नलू. मी बाटली काढायला थांबले, गोळी शोधायला थांबले, की तू पुढे जाऊन उभी राहणार आणि तुझं तोंड असं होणार... आत्ता झालंय तसं. सगळं हाताशी असलं तर मला थांबावं लागणार नाही." यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "उद्या बोलू." पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं.

सहलीला मी गेले. मन नव्हतं, पण इम्राननंच आग्रह केला. माझी देखणी बॅग सीटखाली जाईना. आडवी करून कोंबली तर आतलं सगळं सांडलं. फिरताना पट्टा सारखा घसरायचा, आणि पाणी प्यायचं तर बॅग जमिनीवर ठेवून उपसावी लागायची. तिसऱ्या दिवशी एका देवळाच्या पायऱ्यांवर मी अशीच बाटली शोधत बसले होते आणि बाकीची मंडळी वर उभी राहून माझी वाट बघत होती. तेव्हा मला रशीदाचा फार राग आला. तिचंच बरोबर होतं, आणि ते मला ऐकवायलाही ती नव्हती.

परत आल्यावर इम्रानला फोन केला. ती दुसरी बॅग मला देशील का, पट्टा काचला तरी चालेल, असं म्हटलं. तो म्हणाला, "स्वयंपाकघरात दारामागच्या खुंटीला आहे, मावशी. येता-जाता हात लागतो... आत्ता नको ना."

"राहू दे तिथेच," मी म्हणाले. "मला घाई नाही."