डिकीत कोणी नव्हतं

२०२२ साल. माझं वय सहासष्ट. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजात मी डेंटर मिस्त्री होतो. डेंटर म्हणजे गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. एक्केचाळीस वर्षं तेच केलं. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर गावचा होता म्हणून.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्या गावाला, दापोलीकडे, एका विहिरीवर बाई दिसते म्हणायचे. मी मुद्दाम तिन्हीसांजेला तिथे जाऊन लघवी करून आलो होतो. काही झालं नाही. आजही कोणी असलं सांगायला लागलं की मी उठून जातो. आता मीच सांगतोय... तर तुम्ही उठून गेलात तरी राग नाही. पण मला हे चारचौघांत सांगायचंच आहे, कारण ही गोष्ट माझ्या मेव्हण्याच्या नावाची आहे. सुलेमान. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या नावाला डाग मी लावला. तो काढायचा आहे. बाकी अमानवीय की काय ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुलेमानला मीच शारजाला आणला, हातात हातोडी मीच दिली. उंच, हात लांब, बोलणं कमी. आमच्या कामाला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडी मारतो, दुसरा आतून पत्र्याला लोखंडाचा ठोकळा लावून धरतो. त्या ठोकळ्याला डॉली म्हणतात. हातोडीखाली डॉली असली की आवाज येतो ‘टण्ण’. नसली की ‘थप’. डोळे मिटून सांगता येतं. दोघांच्या कानात कापूस असायचा, म्हणून बोलायचं नाही. आतून सुलेमान डॉलीने एकदा वाजवायचा — मारा. दोनदा वाजवायचा — थांबा. पंधरा वर्षं आम्ही असं काम केलं. रूमवर जेवताना भांडायचो, पत्र्यावर कधी नाही.

२००८ ला एक अरबाब — म्हणजे गाडीचा मालक, इथलाच अरब — आम्हाला धैदकडे त्याच्या शेतावर घेऊन गेला. उंटाच्या चाऱ्याची पोती हलवली तर खाली गाडी. अमेरिकन, १९७० चं मॉडेल, दोन दारांची, बोनेट एवढं लांब की वर माणूस झोपावा. त्याच्या बापाने नवी घेतलेली. टायर वाळूत रुतलेले, इंजिनात उंदराचं घर. अशा गाड्यांचं वेड इथे फार आहे, लोक अमेरिकेतून खोकी भरून पार्ट मागवतात. अरबाब म्हणाला, “उस्ताद, बाबा बीमार है. मरने से पहले एक बार बिठाना है इसमें.”

आठ महिने लागले. दारं उघडली की वाळू, सीट काढली की वाळू. पण पत्रा कोरडा होता, चांगला होता. फक्त छप्पर खराब. त्या काळी त्या गाड्यांच्या छपरावर रेक्झिन चिकटवायचे. रेक्झिनखाली दमट हवा धरून छप्पर आणि मागची बाजू जिथे जोडली आहे तो सांधा दोन्हीकडून सडला होता. ते काम मी सुलेमानला दिलं. माझी मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं त्याच महिन्यात झाली, मी रूमवर होतो.

आमच्या गॅरेजचा एक कायदा होता, माझाच. पुट्टी नखापेक्षा जाड भरायची नाही. पत्रा ठोकायचा कंटाळा आला की लोक पुट्टी थापतात, वर रंग मारतात, दोन वर्षांत सगळं फुगून येतं. मी तपासायला दोरीला बांधलेलं लोहचुंबक ठेवायचो. पत्र्यावर ते चिकटतं, जाड पुट्टीवर घसरतं. पोरं त्या चुंबकाला पोलीस म्हणायची.

गाडी जायच्या आदल्या दिवशी अरबाब आला होता. रंग झालेला, काळा, तोंड दिसेल असा. मी ऐटीत चुंबक काढलं. बोनेट, दारं, सगळीकडे चिकटलं. छपराच्या सांध्यावर आलो... घसरलं. दुसऱ्या बाजूला लावलं. तिथेही घसरलं. वीतभर.

अरबाबसमोर, पाच कामगारांसमोर.

“पुट्टी,” मी म्हणालो.

सुलेमान म्हणाला, “भावजी, पुट्टी नाय ती.”

“मग चुंबक खोटं बोलतंय?”

“खरवडून बघा.”

“उद्या गाडी जायचीय, रंग झालाय, खरवडतो कुठला? बायकोचा भाऊ म्हणून आणला, आणि तू पुट्टीवाला निघालास. चोर निघालास.”

तो उभा राहिला. मला वाटलं पाया पडेल, निदान भांडेल. त्याने फक्त अरबाबकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अॅप्रन काढून खुंटीला लावला. पंधरा दिवसांत व्हिसा कॅन्सल करून गावी गेला. तिथे होड्यांची मशिनं दुरुस्त करायचा. गावातही गेलं ते — पुट्टीवाला सुलेमान. मी थांबवलं नाही. जुबेदा, माझी बायको, तिने मला या गोष्टीबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त सुट्टीत मी घरी असलो की ती भावाकडे जायची नाही.

२०२१ ला तो कोरोनात गेला. पंचावन्न वय. विमानं बंद होती. खरं सांगू... विमानं बंद होती हे बरंच झालं मला. कारण मिळालं. फोनही केला नाही. आमच्यात माणूस हजला निघाला, कायमचा जायला निघाला, की घरोघर जाऊन म्हणतो, कहासुना माफ करा. ज्याचं वाईट केलं त्यानेच माफ करायचं असतं, दुसऱ्या कोणाचं चालत नाही. तो गेला, आणि मी आपला इथे.

२०२२ च्या मे महिन्यात तीच गाडी परत आली. अरबाबचा बाप गेला होता, आता गाडी अरबाब स्वतः चालवायचा. सिग्नलला मागून कोणीतरी ठोकली होती. डिकीच्या डाव्या बाजूचा मोठा पत्रा आत गेलेला, आणि ओढ बसून वर त्या सांध्यापर्यंत रंगाला चीर.

गुरुवारी मी सांध्यावर गॅस लावला, रंग जाळायला. पुट्टी असती तर धूर झाला असता, घाण वास सुटला असता. धूर नाही. वास नाही. चांदीसारखा एक थेंब सुटला आणि ओघळला. मग दुसरा.

शिसं होतं.

ज्याला या धंद्यातलं कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. अमेरिकेत कारखान्यात हे सांधे शिशानेच भरायचे. खरं काम ते. गरम शिसं लाकडी पट्टीने लोण्यासारखं फिरवायचं, जरा जास्त तापलं की खाली गळून पडतं. फार थोड्यांना येतं. मला येत नाही. आणि शिशाला लोहचुंबक चिकटत नाही. हे मला माहीत होतं हो! पण आपल्या गॅरेजात कोणाला शिशाचं काम येत असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला येत नव्हतं ना.

मी गॅस बंद केला आणि लवकर रूमवर गेलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. जुम्मा झाल्यावर मी एकटाच गॅरेजला आलो. का आलो सांगता येत नाही, रूमवर बसवेना. दुपारचे दोन, बाहेर कुत्रंसुद्धा नाही, सगळ्या गल्लीची शटरं खाली. मी आमचं शटर कमरेएवढं वर केलं. पंखा लावला.

तो मागचा पत्रा एकट्याने होण्यासारखा नव्हताच. डिकीत आडवा झोपून कोणी डॉली धरली तरच. पण उंचवटा कुठे आहे ते तरी बघू म्हणून हातोडी हलकी हलकी मारत गेलो. थप. थप. थप. एक बोट पुढे सरकलो.

टण्ण.

मला वाटलं आतला एखादा सपोर्ट लागला. अजून पुढे सरकलो. टण्ण. तिथे आत सपोर्ट नाही, मला ती गाडी पाठ आहे. खाली आलो. टण्ण. जिथे जाईन तिथे. हातोडी उचलून धरली, मारली नाही. आतून एकदा वाजलं.

मारा.

मी पळालो नाही. उगाच मोठेपणा सांगत नाही, पळायचं सुचलंच नाही. डिकी उघडीच होती, वाकून पाहिलं. रिकामी. आणि डॉली माझ्या शेजारी स्टुलावर, कालपासून जशी होती तशी. तेवढी एकच डॉली बाहेर, बाकीच्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

मग मी काम केलं. तुम्ही हसाल. पण चाळीस वर्षं आतून ‘मारा’ आलं की मी मारलंय, हाताने आपोआप मारलं. “वर घे,” म्हटलं, की आवाज वर सरके. “मागे.” मागे सरके. एकदा मी जोरात मारणार होतो, तर दोनदा वाजलं. थांबा. हात लावून पाहिलं, पत्रा तिथे ताणला गेला होता, अजून एक घाव आणि फाटला असता. सुलेमान तिथे नेहमी थांबवायचा मला.

तास झाला असेल. पत्रा सरळ येत होता. मी हातोडी खाली केली आणि म्हणालो, “सुलेमान, माझं चुकलं.”

काही नाही. पंखा.

“शिसं होतं. मी पाहिलं काल. मला माफ कर.”

काही नाही. हातोडी मारली — थप.

“थोडं वर घे,” म्हटलं. मारली — टण्ण.

तीनदा केलं मी हे. तीनदा. कामाचं बोललो की तो होता. माफीचं बोललो की पत्र्यामागे कोणी नव्हतं. शेवटी मी रडलो, मोठ्याने, ते सांगायची लाज नाही आता. आणि रडणं थांबल्यावर आतून परत एकदा वाजलं. मारा. उरलेलं काम पुरं केलं. चारच्या सुमारास अस्राची बांग होईपर्यंत तो पत्रा असा झाला की पुट्टीची गरज नाही. मग मी सगळीकडे मारून पाहिलं. थप, थप, थप. गेला होता.

बॅटरी घेऊन डिकीत शिरलो. पत्र्याच्या आतल्या अंगाला जुना करडा रंग होता, त्यावर ताजे चमकणारे टवके. डॉलीच्या कडेचे. शेकड्याने.

संध्याकाळी जुबेदाला फोन केला. सगळं सांगितलं. तिला वाटलं माझं बीपी वाढलंय, गोळी घेतली का विचारलं. मग मी शिशाचं सांगितलं.

“मला काय सांगता?” म्हणाली. “मी कधी त्याला चोर म्हटलं? चारचौघांत बोललात ना तुमी. चारचौघांत सांगा.”

फोन ठेवला तिने.

हे कसं झालं मला माहीत नाही. उन्हाने पत्रा तापतो आणि वाजतो, हे मला शिकवू नका, ते मला तुमच्याआधीपासून माहीत आहे. ते टवके कुठून आले? डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला एकटे राहू नका. मौलवींना विचारलं, ते म्हणाले मेलेला माणूस हातोडीच्या कामाला येत नाही. मलाही तेच वाटतं. तरी ते झालं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सात वाजताच्या चहाला सगळे कामगार जमले तेव्हा मी उभा राहिलो आणि सांगितलं. सुलेमान डेंटरने पुट्टी भरली नव्हती, शिसं भरलं होतं, मी खोटा आरोप केला. सात जण होते. सहा जणांनी सुलेमानला कधी पाहिलंही नव्हतं. एक म्हणाला, “ठीक है चाचा, खलास, चाय पियो.”

सातवा कुंजू, आमचा पेंटर, केरळचा, माझ्याएवढाच जुना. त्याने कप खाली ठेवला. “मेरे को मालूम था,” म्हणाला. “प्राइमर मैंने मारा था ना. ईरानी के गॅरेज में हर शुक्रवार जाके सीखता था वो.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“वो मना किया. बोला, उस्ताद को ये काम नहीं आता, अरबाब के सामने मत बोलना.”

मी खाली बसलो. मग कुंजूला म्हणालो, त्या दिवशी जे जे उभे होते त्यांचे नंबर दे. चौघांपैकी तिघांचे त्याच्याकडे होते. पहिला बंद. दुसरा पेशावरचा पठाण, तिथे आता ट्रक चालवतो, त्याने उचलला. खुशाली झाली. मी म्हणालो, सुलेमानबद्दल सांगायचं आहे.

“कौन सुलेमान?”

“मेरा साला. लंबा था. डेंटर.”

“याद नहीं आ रहा उस्ताद. क्या किया था उसने?”

आता काय करणार. मग मी पहिल्यापासून सांगितलं. गाडी, चुंबक, मी त्याला पुट्टीवाला म्हणालो, चोर म्हणालो, सगळं परत माझ्याच तोंडाने. आणि ते त्याला नीट आठवल्यावर सांगितलं की ते खोटं होतं.

मग तिसरा नंबर लावला.