दिगूच्या पाठीवरचा हात

“बाई, मुलाच्या पाठीवरचा हात काढा,” धुळ्याचे कानाचे डॉक्टर माझ्या बायकोला म्हणाले.

सुमनने हात काढला नाही. डॉक्टर पुन्हा म्हणाले, तेव्हा तिने तो मांडीवर घेतला आणि पदराचं टोक मुठीत धरलं. डॉक्टर दिगूच्या मागे गेले. त्यांच्या हातात देवघरात असते तशी पितळी घंटा होती. ती त्यांनी वाजवली. दिगू समोरच्या खिडकीतला कावळा बघत राहिला. पुन्हा वाजवली, आणखी जवळून. मी दचकलो. दिगू नाही.

“आता हात ठेवा.”

घंटा वाजली. सुमनचा अंगठा जरासा हलला असेल, दिगूने लगेच मान वळवली आणि डॉक्टरांकडे बघून हसला.

दिगू माझा मुलगा, तेव्हा साडेतीन वर्षांचा. तो बोलत नाही म्हणून आम्ही त्याची जीभ दाखवायला आलो होतो. आमच्या गावात, म्हसावदला, सगळे सांगत, जिभेखालचा दोरा आखूड असेल, डॉक्टर कापून देतील की पोरगं घडाघडा बोलेल. डॉक्टरांनी जीभ पाहिली आणि ती उत्तम आहे म्हणाले. मग घंटा काढली.

ते म्हणाले, हा नर्व्ह डेफनेस आहे. म्हणजे कानाचं भोक, पडदा सगळं जागच्या जागी, पण आवाज मेंदूपर्यंत नेणारी नस दुबळी झालेली. दोन्ही कानांची. जाड, मोठा आवाज थोडा पोचतो, बारीक आवाज पोचतच नाही. जे मूल ऐकत नाही ते बोलणार कुठून? जिभेचा काही दोष नव्हता.

“मोठा ताप कधी आला होता?”

मी म्हणालो, “वर्षाचा व्हायच्या आत गोवर आला होता. दोन दिवसांत उतरला.”

सुमन खाली बघून म्हणाली, “दोन नही. आठ दिन.”

मी तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न मला विचारलाच नाही, तिला विचारला. “तुमच्या कधी लक्षात आलं?”

“त्यानंतर लगेच,” ती म्हणाली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहितो आहे, कारण ज्यांची मुलं उशिरा बोलतात असे आईबाप मला भेटतात आणि विचारतात, तुम्ही काय केलंत? मी काय केलं ते ऐकून कुणी तसं करू नये, एवढ्याचसाठी हे लिहिणं.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं, गाड्यांवरची जुनी अक्षरं पुसून नवी घातली जात होती. माझी ड्यूटी विसरवाडी-नवापूरकडची, रात्रीची गाडी मुक्कामी. आठवड्यात दोन दिवस घरी. घरात माझी आई, जिला आम्ही माय म्हणायचो, सुमन, दिगू आणि माझी धाकटी बहीण कमल. वडील लवकर गेलेले. कमलचं लग्न जमायचं होतं.

मी घरी आलो की ओट्यावरूनच हाक मारायचो, “दिगू!” माय त्याला घेऊन खाटेवर बसलेली असायची. ती पायाच्या टाचेने खाटेचा पाय ठोकायची. खाट हलली की दिगू दाराकडे बघायचा, मला बघून दोन्ही हात पसरायचा. मला वाटायचं, बापाचा आवाज ओळखतो. टाचेचं मला नंतर समजलं. बैठकीत पाहुणे असले की तो सुमनच्या मांडीवर, आणि तिचा हात त्याच्या पाठीवर.

शिवाय मी नसताना दिगू बोलायचा. म्हणजे मला तसं सांगितलं जायचं. “काल बा म्हने ना तो,” माय सांगायची. मी त्याच्यासमोर बसून “बा म्हण, बा म्हण” करायचो. तो माझ्या कमरेच्या तिकीट पंचाकडे बघायचा. त्या पंचातून पडणारे कागदाचे बारीक तुकडे त्याला फार आवडायचे, मुठीत गोळा करायचा.

“मन्हाजोडे बोलत नही ना,” मी म्हणायचो.

“बोलस तो. तू घर ऱ्हास का ऐकाले?” माय म्हणायची.

दिगू ‘बा’ म्हणाला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विसरवाडीच्या नाक्यावर पेढे वाटले होते. माझे ड्रायव्हर उस्मानभाई पेढा तोंडात टाकून म्हणाले, “मास्तर, तुझा पोरगा तुझ्यासारखा ओरडायला लागला की गाडीला हॉर्न नको.” सगळं हॉटेल हसलं. तो पेढा मला पुढे फार वर्षं कडू लागला.

धुळ्याहून परत येताना मी आपल्याच खात्याच्या गाडीत पॅसेंजर म्हणून बसलो होतो. दिगू मधे झोपला. सुमनने मी न विचारता सांगितलं. गोवर उतरल्यावर तिने थाळी वाजवून पाहिली, पोर हललं नाही. ती मायकडे गेली. मायनेही वाजवून पाहिली. मग मायने सुमनचा हात दिगूच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली की कमलचं लग्न होईपर्यंत हे माझ्यासुद्धा कानावर घालायचं नाही. आमच्याकडे सोयरीक करायला येणारे घरातली लेकरं मांडीवर घेऊन बघतात. घरात मुकं निघालं तर आधी मुलीच्या रक्ताची चौकशी होते. माय म्हणाली होती, “त्याले सांगशी ते तो गाडीभर सांगी येई.”

“मी तवयच सांगतू,” सुमन म्हणाली, “पन हात त्याना डोकावर व्हता.”

शपथ मोडली तर ज्याच्या डोक्यावर हात त्याचं वाईट होतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. कमलचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं, आणि पंधरवड्याच्या आत सुमनने “जीभ दाखवू” म्हणून मला धुळ्याला नेलं. म्हणजे ती जितकी लवकर सांगू शकत होती तितक्या लवकर तिने सांगितलं. हे आज मला समजतं. त्या गाडीत मला एवढंच समजलं की माझ्या घरातल्या दोन बायका दोन वर्षांहून जास्त माझ्यासमोर नाटक करत होत्या, आणि त्या नाटकात मी पेढे वाटले.

घरी आल्यावर मायला विचारलं. ती शेंगा फोडत होती. थांबली नाही.

“तुले सांगीसन काय व्हतं? तू डॉक्टर शेस?”

“मी त्याना बाप शे.”

“मी बी तुन्ही बहिननी माय शे,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी निघताना जे सांगितलं होतं ते इथे लिहितो, कारण ते ज्यांना हवं त्यांना उपयोगी पडेल. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हिअरिंग एड. म्हणजे छातीवर अडकवायची आवाज वाढवणारी डबी आणि तिची कानात घालायची तार. ती मुंबईहून मागवावी लागणार होती. दुसरी, लिप रीडिंग. म्हणजे ओठ बघून बोलणं ओळखणं. मुलासमोर बसायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं. घरात जे जे चाललंय ते सगळं बोलायचं, त्याच्याशीही आणि एकमेकांशीही. “बोलणारी तोंडं त्याला दिवसभर दिसली पाहिजेत,” ते म्हणाले. “पाच-सहा वर्षांपर्यंतच खरी संधी. तीन वर्षं गेली आहेत.”

ही तीन वर्षं गेली आहेत, हे मी धरून बसलो. कुणी घालवली ते मला माहीत होतं.

मी घरात बोलणं बंद केलं.

ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पहिल्या दिवशी बोलवेना, दुसऱ्या दिवशी बोलावंसं वाटेना. मग तीच रीत झाली. ताट हवं तर मी पाटावर जाऊन बसायचो. पाणी हवं तर तांब्या जमिनीवर आपटायचो. सुमन काही विचारायला लागली की मी मान फिरवायचो. मायशी तर नाहीच. दिगूशी बोललो असतो, पण तो कायम त्या दोघींपैकी एकीजवळ. त्यांच्या देखत त्याच्याशी बोलणं म्हणजे त्यांच्याशीच बोलल्यासारखं वाटायचं. रस्त्यावर दिवसभर घसा फोडून ओरडणारा माणूस घरी आला की दगड.

सुमन डॉक्टरांनी सांगितलेलं करायची. चुलीच्या उजेडात तोंड धरून “भाकर, भाकर, दिगू, भाकर.” माय तर बोलायची थांबतच नव्हती. ती त्याला समोर बसवून गावातल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या सांगायची आणि तो तिच्या बोळक्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मी भिंतीकडे तोंड करून पडायचो.

अजून एक गोष्ट आहे. दिगू दोन वर्षांचा असताना माझा पंच त्याच्या मागे पितळेच्या परातीत पडला होता. केवढा आवाज झाला. कमल किंचाळली. दिगू आपला जमिनीवर रेघा ओढत बसलेला. मी ते पाहिलं होतं. पाहिलं आणि पंच उचलून पट्ट्याला लावला. मला फसवलं हे खरं. पण त्या दिवशी मला कुणी फसवलं नव्हतं.

सात-आठ महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. डबी आलेली होती, दिगूच्या छातीवर कापडी पिशवीत बांधलेली. मोठ्या आवाजाकडे आता तो आपोआप वळायचा. डॉक्टर खूश झाले. त्यांनी त्याला टेबलावर बसवलं. मागे आरसा होता.

“आई कुठे?” त्यांनी ओठ मोठे करून विचारलं. दिगूने सुमनकडे बोट केलं.

“आई कशी बोलते?”

दिगूने तोंड भरभर उघडलं-मिटलं आणि “भाक-भाक” असा आवाज काढला. सुमन हसली आणि डोळे पुसले.

“घरी अजून कोण? आजी? आजी कशी?”

त्याने दात ओठांआड लपवले, बोळकं केलं, हात नाचवले, मान हलवली. हुबेहूब माय. डॉक्टर मोठ्याने हसले.

“आणि बाबा?”

दिगूने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ आत दाबून धरले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तसाच बसून राहिला. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं तरी वळला नाही. नक्कल पूर्ण करत होता.

डॉक्टर मला म्हणाले, “तुम्ही घरी याच्याशी बोलत नाही?”

माझ्या आधी सुमन बोलली. “ते मोटारवर ऱ्हातस, साहेब. घर कमी ऱ्हातस. ऱ्हायनात का बोलतस, भलतं बोलतस.”

तिने अगदी सहज सांगितलं. घरी असलो की भरपूर बोलतो म्हणे. मायला जसं वाचवत होती तसं आता मला वाचवत होती. तिच्या आवाजात तीच सफाई होती जी इतकी वर्षं माझ्यावर चालली होती. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला दिसलं की ही बाई कुणालातरी झाकत उभी आहे आणि तिला झाकणारं कुणी नाही.

“ती खोटं सांगते आहे,” मी डॉक्टरांना म्हणालो. “मी घरात बोलत नाही. मागच्या खेपेपासून एक शब्द नाही. हिने आणि माझ्या आईने माझ्यापासून लपवून याची पहिली वर्षं घालवली, म्हणून.”

डॉक्टर चिडले. चांगले चिडले. म्हणाले, “पहिली वर्षं त्यांनी घालवली म्हणता ना? ही तुम्ही घालवलीत. आणि ही जास्त महत्त्वाची होती, कारण आता तुम्हाला माहीत होतं.”

त्या वाक्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे, जरी त्या वेळी उठून निघून जावंसं वाटलं.

धुळ्याच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. बाकावर आम्ही तिघं. शेवटी मी म्हणालो, “चहा लेवाना का?”

सुमन म्हणाली, “लेवाना. पन तोंड त्यानाकडे करीसन इचारा.”

मी दिगूसमोर उकिडवा बसलो, ऊन माझ्या तोंडावर येईल असा, आणि त्याला विचारलं, “चहा?” तीन-चारदा विचारलं. बाकावरची माणसं बघत होती. त्याने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. त्याला ते हलताना बघायचे होते.

त्यानंतर त्याला बोलायला अजून दोन वर्षं लागली. आज तो वीस वर्षांचा आहे, शहाद्याला विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी वाइंड करायला, म्हणजे त्यांच्या आतली तार गुंडाळायला, शिकतो. त्याचा आवाज सपाट आहे, ‘स’ आणि ‘श’ येत नाहीत, अनोळखी माणसाला पहिलं वाक्य कळत नाही, दुसरं कळतं. तो बोलतो ते अहिराणीच, आणि बरीचशी मायची. म्हातारीने शिव्यांसकट शिकवली.

मायला मी माफ केलं का? नाही. ती गेली तेव्हा दिगू तिच्या उशाशी होता, मी पायाशी. मीही तिच्याकडे काही मागितलं नाही, तिनेही नाही. सुमन काही चांगली बातमी सांगू लागली की अजूनही मी आधी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याकडे बघतो, खरं आहे का म्हणून. तिला ते समजतं. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात एवढी गाठ राहिली आहे आणि ती सुटेल असं मला वाटत नाही.

ज्यांचं लेकरू हाकेला वळत नाही त्यांना एवढंच सांगतो. कुणी काहीही म्हणो, मागे उभं राहून, हात न लावता, एकदा हाक मारून बघा. आणि जे निघेल त्याचा राग कुणावर काढायचा तो काढा, पण लेकरासमोर तोंड मिटू नका.

आम्ही दोघं अजून भांडतो. जुन्याच गोष्टीवरून भांडतो. फक्त आता दिव्याच्या बाजूला, दिगूकडे तोंड करून भांडतो, म्हणजे त्याला सगळं दिसावं. तो जेवता जेवता एकदा तिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. परवा भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, “बा, जरा हळू. तुन्हं अर्धं देखायनं नही.”

मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.