कुकर कोणाचा होता

"थांबा, ऐका," असं म्हणून काका एक बोट वर करायचे आणि डोळे मिटायचे. मग तुम्ही परदेशातल्या आमच्या आंग मो किओ भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, गरम सूपचा ट्रे घेऊन उभे का असेनात! लिफ्टच्या घरघरीतही त्यांना सूर सापडायचा.

ते आमच्याच ब्लॉकमध्ये एकटे राहायचे. पेशानं इंजिनिअर. चर्चमधल्या ऑर्गनच्या वेडापायी पुण्यात असतानाच जर्मन शिकलेले. आम्ही त्यांना तोंडावर काका म्हणायचो आणि पाठीमागे 'ऑर्गनवाले'. तुमच्याही ओळखीत असा एखादा वेडा असेल, आणि तुम्हीही त्याला हसला असाल.

जूनच्या सुट्टीत आम्ही सहा मराठी कुटुंबं जर्मनीला निघालो. आमच्याबरोबर येताना काकांनी एकच मागितलं, ड्रेस्डेनमधली एक संध्याकाळ. तिथं एल्ब नदीकाठच्या जुन्या चर्चमध्ये ऑर्गनवादन होतं. ज्या ऑर्गनच्या रेकॉर्डी ते तीस वर्षं ऐकत होते, तोच ऑर्गन.

ड्रेस्डेनला आम्ही काय केलं? राजवाड्यासमोर सेल्फी स्टिक परजल्या आणि ब्रेड दगडासारखा आहे म्हणून कुरकुर केली. काका प्रत्येक दगडावरचा मजकूर वाचत मागे राहायचे. "अहो काका, चला लवकर!" आम्ही ओरडायचो. आज लाज वाटते.

संध्याकाळी मी हॉटेलच्या खोलीत राइस कुकरमध्ये खिचडी लावली. हो, मीच. वर हौसेनं मिरच्यांची फोडणी घातली. मिरच्या जळल्या, धूर झाला आणि भोंगा वाजू लागला. सगळं हॉटेल रस्त्यावर आलं. अग्निशमनवाले आले. मॅनेजर लालबुंद होऊन विचारत होता, आणि आमची मंडळीही तावातावानं विचारत होती, "कोणी लावला कुकर?" माझी मुलगी मला बिलगून रडत होती. मी गप्प राहिलो.

काका कोट घालून, तिकीट खिशात ठेवून निघतच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मॅनेजरकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं आणि आम्हाला मराठीत म्हणाले, "माझा कुकर. मीच लावायला सांगितला होता."

माफी, जबाब, सह्या. दोन तास गेले. मधेच नदीकडून घंटा ऐकू आल्या. काकांनी बोट वर केलं. "थांबा, ऐका." तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "मग आता जेवणाचं काय?"

सकाळी सातला आमची बस सुटली.

पुढच्या वर्षी त्यांचा इथं राहून नोकरी करायचा पास वाढवून मिळाला नाही. ते पुण्याला गेले, आणि दोन वर्षांत गेलेच. इथं आम्ही शोकसभा घेतली. एकजण उठून म्हणाला, "काकांचा तो कुकर आठवतो ना? अख्खं हॉटेल बाहेर काढलं होतं त्यांनी!" सगळे हसले. दर गणपतीत ही गोष्ट व्हायची आणि दर गणपतीत मीही हसायचो. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या हसणाऱ्यांची, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

"कुकर माझा होता," मी म्हणालो.

"जाऊ दे रे, आता काय फरक पडतो?"

हसणं अजून थांबलं नव्हतं. मी बोट वर केलं.

"थांबा," मी म्हणालो. "ऐका."