परिच्छेद शिल्लक नाही

माझ्या मामांनी आयुष्यभर दोघांचीच मनापासून वाट पाहिली: नव्या कॉम्प्युटरची आणि पोस्टमनची. बायको नव्हती. "आणली असती तर बसवली कुठे असती?" असं ते स्वतःच म्हणायचे. दोन खोल्यांच्या त्या घरात खुर्चीवर कीबोर्ड, पलंगाखाली मॉनिटर आणि कपाटावर चादर पांघरलेला जुना प्रिंटर. आम्ही हसायचो, तेही हसायचे. आम्ही निघालो की मात्र ते बराच वेळ दारात उभे राहायचे. मी जिन्याच्या वळणावरून मागे पाहिलं की दिसायचे.

नोकरीला ते सिमेंटच्या कारखान्यात कारकून होते. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी गार हवेची खोली बांधली आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. बाकीचे कारकून 'आता आपल्या पोटावर पाय येणार' म्हणून त्या खोलीच्या नावाने बोटं मोडायचे. मामा जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून काचेला नाक लावून उभे. साहेबांच्या टेबलावरची जाडजूड माहितीपुस्तिका त्यांनी वर्षभरात वहीत उतरवून काढली आणि घरी यंत्र नसताना कागदावर प्रोग्राम लिहायला लागले. "घोड्याचा पत्ता नाही आणि हा नाल ठोकतोय," आई म्हणायची. तीन वर्षांनी घोडाही आला, पण घरात फ्रिज आला नाही.

संध्याकाळी ते कादंबऱ्या लिहायचे. साध्या माणसांच्या, सरळ गोष्टी. मोठ्या लोकांनी त्यांची दखल कधी घेतली नाही, वाचकांनी मात्र डोक्यावर घेतलं. आठवड्याला चाळीस-पन्नास पत्रं यायची आणि आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर गेलंच पाहिजे, हा मामांचा हट्ट. हात दोनच, त्यातला एक कादंबरीत अडकलेला. म्हणून त्यांनी प्रोग्राम तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं 'चिटणीस'.

चिटणीसाच्या पोटात मामांनी लिहिलेले दोनशे परिच्छेद होते. कौतुकाला, टीकेला, रडक्या पत्राला, लेखक कसं व्हावं असं विचारणाऱ्याला. वाचकाचं नाव टाकलं की तो तीन परिच्छेद जुळवून पत्र छापायचा. कोणाला काय पाठवलं याची नोंद तो ठेवायचा, त्यामुळे एका माणसाला तोच परिच्छेद दुसऱ्यांदा कधी जात नसे. याचा मामांना कोण अभिमान! छापलेल्या पत्राखाली मामा फक्त एक ओळ शाईने लिहायचे, 'गुडघा कसा आहे?' असली काहीतरी, आणि सही ठोकायचे. मी कॉलेजात असताना दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन पत्रं फोडायची, वाचकांची बारीकसारीक माहिती यंत्रात भरायची आणि पाकिटं चिकटवायची. चहा मात्र मामाच करायचे, आणि तो पिववत नसे.

सगळ्यात जुन्या वाचक होत्या टेलिफोनवाल्या बाई. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे फोन जोडून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. अकरा वर्षं दर दोन महिन्यांनी त्यांचं पत्र यायचं. अक्षर टपोरं, बोलणं खमकं. 'तुमच्या नायिकेला एकदा तरी पोटभर जेवू घाला,' असं लिहायच्या.

त्या वर्षी मामांची नवी कादंबरी साप्ताहिकातून क्रमशः येत होती. वीस वर्षं अबोला धरलेले दोन भाऊ. थोरला धाकट्याच्या दाराशी येऊन उभा राहतो, इथपर्यंत गोष्ट आली होती. आणि बाईंचं पत्र आलं. तीन आठवड्यांनी त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. डॉक्टर खात्री देत नव्हते. 'मी घाबरट नाही, पण शेवट कळल्याशिवाय जायला मला आवडणार नाही. धाकटा दार उघडतो की नाही, तेवढं ऑपरेशनच्या आधी कळवा. कोणाला सांगणार नाही. लोकांचं बोलणं पोटात ठेवण्यातच माझी सगळी नोकरी गेली.'

मी बाईंचं नाव यंत्रात टाकलं. पडद्यावर ओळ आली: 'या वाचकासाठी परिच्छेद शिल्लक नाही.'

अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "बरंच झालं मामा," मी म्हटलं. "आता तुम्हीच लिहा."

"लिहितो की," मामा म्हणाले. कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. "पण शेवट मलाच कुठे ठाऊक आहे अजून?"

"तसं लिहा मग. ठाऊक नाही म्हणून."

"आजारी माणसाला असं लिहितात होय?"

पुढच्या रविवारी कागद कोराच होता. मामा मात्र खुशीत होते, कारण त्यांना उपाय सापडला होता: चिटणीसाची नवी आवृत्ती. आणखी शंभर परिच्छेद, आणि शिवाय ती खालची शाईची ओळसुद्धा आता यंत्रच वाचकाच्या माहितीतून तयार करणार. आठवडाभर ते त्यात असे बुडाले की साप्ताहिकाचा मजकूरही चुकवला. एका बाईला दोन ओळी लिहायला लागू नयेत म्हणून या माणसाने रक्ताचं पाणी केलं. मला राग आला होता, आणि तरी मी काही बोलले नाही. ते इतके आनंदात होते की बोलवेना.

तिसऱ्या रविवारी पत्र छापून झालं. कागद देखणा, समास सरळ. दाराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी ते वाचलं, घडी घातली, पाकिटात घातलं आणि पेटीत टाकून आले. हे मी केलं, मामांनी नाही.

महिन्याभराने बाईंच्या भावजयीचं कार्ड आलं. ऑपरेशन झालं, बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. 'तुमची पत्रं आहेत. हवी असतील तर येऊन न्यावीत, खोली रिकामी करायची आहे.'

चार तासांचा बसप्रवास करून आम्ही गेलो. भावजय वाळलेले कपडे घड्या करत होत्या. त्यांनी मोज्यांचा ढीग सरकवून आम्हाला बसायला जागा केली आणि पत्रांचा गठ्ठा आणून दिला. मामांनी मधली चार-पाच पत्रं उघडली. प्रत्येकात शाईच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. वरच्या छापील मजकुराला कुठे खूणसुद्धा नव्हती.

"वन्सं तेवढीच वाचायच्या," भावजय म्हणाल्या. "वरचं यंत्राचं आहे, म्हणायच्या. इतकी वर्षं फोनवर बसलेल्या, पाठ केलेलं कुठलं नि मनातलं कुठलं, त्यांना लगेच कळायचं. मांजर गेलं तेव्हा तुम्ही लिहिलं होतं ना, की त्याची वाटी इतक्यात उचलू नका? ती ओळ त्यांनी मला तीनदा वाचून दाखवली."

मामांनी मान हलवली.

"शेवटचं पत्र ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आलं. मीच दवाखान्यात नेलं. उशीला टेकून बसल्या, पेन्सिल मागितली. खाली छापलं होतं, 'आपलं मांजर कसं आहे?'" भावजयींनी हातातला सदरा खाली ठेवला. "बराच वेळ कागद उलटापालटा केला हो त्यांनी. मग पेन्सिल मला परत दिली. म्हणाल्या, कामात असतील."

मांजराची नोंद मीच केली होती. ते गेल्याची करायला मी विसरले होते. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर मामांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"त्यांनी मला एक विचारलं होतं," ते भावजयींना म्हणाले. "धाकटा भाऊ दार उघडतो का, म्हणून." आणि मग, मला 'शेवट ठाऊक नाही' म्हणणारे माझे मामा क्षणभरही न थांबता म्हणाले, "उघडतो. बोलत कोणीच नाही. पण उघडतो."

भावजयींनी त्यांची एकही कादंबरी वाचलेली नव्हती. त्यांनी सदरा परत उचलला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मग एवढं लिहायला काय झालं होतं हो?"